पखालीला लावलेला कान

छोर स्टेशन, सिंध
२ नोव्हेंबर १९३२

सत्तारभाईंना शौकतचा सलाम.

इकडे सगळी खैरियत आहे. मेहरुन्निसाला सांगा, खोकला गेला. तिने दिलेल्या सुंठवड्याचा डबा रिकामा झाला, हे मात्र तिला आता सांगू नका, नाहीतर लगेच दुसरा पाठवील आणि पोस्टात फुटेल.

धंद्याचं बोलतो. यंदा हंगाम चांगला दिसतो. आपलं छापील पत्रक सुरतेपासून अहमदाबादेपर्यंत लागलं आहे : ‘उंटावरून थरच्या वाळवंटाची सफर. अकरा दिवस. वाळूत बुडालेलं जुनं बंदर, पडकी जैन देवळं, आणि शेवटी आगगाडीने मोहनजोदडो.’ खाली माझं नाव मोठ्या टाइपात. इकडच्या धरणाच्या, बराजच्या कामावर मजुरांना पाणी पाजत फिरत होतो तेव्हा कुणी म्हटलं असतं की शौकत, तुझं नाव छापून येईल, तर मी त्याला दोन ओंजळी जास्त पाजल्या असत्या.

जानेवारीत मोठी पार्टी आहे. सुरतेचे पारशी शेठ होरमसजी, वय पासष्ट, पण फुटकी खापरं दिसली की पोरासारखे धावतात. एक पेन्शनीतले इंजिनियर साहेब, त्यांची मडम, आणि अहमदाबादेचा एक फोटोवाला. उंटांची सगळी जबाबदारी नेहमीप्रमाणे उदेसिंगवर. हा सोढा रजपूत तुम्ही पाहिला नाही. दिवसभरात दहा शब्द बोलतो, त्यातले आठ उंटाशी.

तर मला बारा नव्या पखाली पाहिजेत. उंटावर दोन बाजूंना टाकायच्या, मोठ्या मापाच्या. डिसेंबर अखेर इथे पोचल्या पाहिजेत. दुसऱ्या कुणाकडून घेणार नाही. नऊ हंगाम झाले, सत्तारभाईच्या कानाखालून गेलेल्या पखालीचा एक थेंब वाया गेलेला नाही. हे मी पाहुण्यांनाही सांगतो, त्यांना फार आवडतं.

तुमचा
शौकत

---

नंदुरबार, पश्चिम खानदेश
२१ नोव्हेंबर १९३२

शौकतमियाँ, सलाम.

पत्र पोचलं. मी शिवायला बसलो होतो आणि मेहरुन्निसाने समोर बसून अक्षर लावून लावून वाचून दाखवलं. सुंठवड्याचा भाग तिने वाचलाच, त्यामुळे डबा निघाला आहे. तुमच्या नशिबाला मी काय करू?

बारा पखाली देतो. सोळांचा घाणा धरला आहे. चामडं चांगलं मिळालं. कातडं कमावायच्या सालीसाठी मी स्वतः खापर गावाच्या पलीकडे डोंगरात गेलो होतो. आमशा पाडवी ओळखीचा आहे, त्याने झाडं दाखवली. तिथून येताना हिवताप घेऊन आलो. तीन आठवडे पडून होतो. डाक्टरने कोयनेल, ते कडू क्विनीन, पाजपाजून जीव नको केला. आता बरा आहे. हात पूर्वीसारखा चालतो.

तुमचे पाहुणे मला काही कळत नाहीत. परवा ब्राह्मणपुरीचे शांतीलाल पाटील मोटेचं चामडं न्यायला आले होते. त्यांना म्हटलं, आमच्या मेहरुन्निसाचे मियाँ, माझे मेहुणे, लोकांना उंटावर बसवून वाळूत नेतात आणि पडक्या भिंती दाखवतात. ते म्हणाले, “मंग आम्हना परकाशाले काय कमी शे? तापीना काठवर पांढरीनी टेकडी शे. मडका, मणी, हाडकं, पाहिजे ते निंघस. आम्ही ती माटी गाडा भरीभरी वावरमा टाकतस. सायेबले सांगा, उंट नको, मन्ही बैलगाडी शे.” पाहा, परकाशा गावाच्या सफरीचा भाव ठरवून ठेवा.

पखालीची काळजी नको. तुम्ही माझ्या हाताखाली दोन वर्षं होतात, तुम्हाला पद्धत माहीत आहे. कोरी पखाल पाण्यात बुडवून तपासली तर रेल्वेत बुरशी धरते. म्हणून तोंडाने हवा भरायची, गळा बांधायचा, गुडघ्याने दाबायचं आणि शिवणीवरून कान फिरवायचा. माझ्या उस्तादांनी मला चामडी धुवायला ठेवलं होतं. आईबाप नव्हते, दोन भाकरीवर होतो. एक दिवस त्यांनी पास केलेली पखाल मी उचलली आणि म्हटलं, ही बोलते आहे. त्यांनी कानफटात मारली. मग पखाल पाण्यात घातली आणि बुडबुडे पाहून मला आपल्या शेजारी बसवलं. त्या एका कानावर हे दुकान उभं आहे, मियाँ. नंदुरबारात पोरं म्हणतात, सत्तारभाईसमोर मनातसुद्धा शिवी देऊ नये.

डिसेंबरच्या वीस तारखेला माल चढवतो.

तुमचा
सत्तार

---

छोर स्टेशन
२९ डिसेंबर १९३२

सत्तारभाई, सलाम. रमजान मुबारक.

बारा नग पोचले. काय शिवण आहे! उदेसिंगने प्रत्येक पखालीवरून तळवा फिरवला आणि मान हलवली. त्याच्याकडून एवढं म्हणजे स्तुतीचा कसीदा झाला.

चार तारखेला निघतो. दोन दिवसांवर खाऱ्या पाण्याची विहीर आहे. पाणी थोडं मचूळ, पण पिता येतं. तिथे सगळ्या पखाली भरायच्या. तिथून जुन्या बंदरापर्यंत तीन दिवस, तिथे एक दिवस, परत तीन दिवस. मध्ये विहीर नाही. सात दिवस सगळा जीव तुमच्या चामड्यात.

एरवी मी दोन उंट राखीव पाण्याचे ठेवतो. यंदा ते काढले. मडमबाईंना घडीच्या खुर्च्या पाहिजेत आणि फोटोवाल्याच्या पेट्यांनाच एक उंट लागतो. तुमच्या नव्या पखाली असताना राखीव कशाला? प्रवासात रोजे सुटतात, ते परत आल्यावर भरून काढीन. मेहरुन्निसाला सांगा, ईद नंदुरबारात. पंधरा तारखेला छोरला पोचलो की पाहुण्यांना मोहनजोदडोच्या गाडीत बसवून मी घरची गाडी पकडतो.

शौकत

---

नंदुरबार
३ जानेवारी १९३३

शौकतमियाँ,

आधी हे वाचा आणि मग बाकीचं. पखाली गळतात. निघू नका. आताच तार केली आहे. तारबाबूला चार वेळा विचारलं, गेली का, गेली का. तारेत लिहिलं आहे : ‘माझे कान गेले. पखाली गळतात. निघू नका. सत्तार.’ तार चुकली तर हे पत्र तरी मिळावं म्हणून लिहितो.

झालं ते सांगतो. सोळांतली एक पखाल धुडकूला दिली होती. तो कापसाच्या जिनवर बैलावरून पाणी नेतो. काल बैल दुकानासमोर उभा केला आणि म्हणाला, “सत्तारभाऊ, तुन्ही पखाल रडी ऱ्हायनी.”

मी म्हटलं, “नवी शे. घाम सोडस.”

“घाम दोन दिन ऱ्हास, भाऊ. इले आठ दिन व्हयनात. जिनलोंग जास तवलोंग निम्मं पाणी रस्ताच पी जास.”

मी हसलो. रिकामी केली, हवा भरली, गुडघा दिला, कान लावला. काही नाही. म्हटलं, बघ, गप आहे. धुडकूने नुसता कान जवळ आणला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. “भाऊ,” तो म्हणाला, “हाई फुसफुस करी ऱ्हायनी ना. तुले आयकू नही येस?”

मियाँ, मला नाही ऐकू आलं. त्याचे शब्दसुद्धा मी ओठांवरून घेतले.

कोयनेल घेतल्यापासून कानात रहाट फिरतो. दिवसभर, रात्रभर. वाटलं, जाईल. कुणाला सांगितलं नाही. मेहरुन्निसा पत्र वाचते ते मी तिच्या तोंडाकडे पाहून ऐकतो. गिऱ्हाईक बोललं की हसतो, कारण हसणं बहुतेक ठिकाणी चालतं. आणि तुमच्या बारा पखाली मी गुडघ्याखाली दाबल्या, कान फिरवला, गप आहेत म्हणून बाजूला ठेवल्या. गप मी होतो.

उरलेल्या तीन होत्या. धुडकूला सोबत घेऊन त्या हौदात बुडवल्या. तिन्हींच्या बुडाच्या शिवणीला मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे. ताप अंगात असताना ओढलेला दोरा, ढिला राहिला. तुमच्या बाराही त्याच घाण्यातल्या.

पहिले दोन दिवस तुम्ही घामच समजाल. मीच तुम्हाला तसं शिकवलं आहे. आणि वाळवंटात थेंब खाली पडायच्या आत हवा पिऊन टाकते, ओलसुद्धा दिसणार नाही. खुदाच्या वास्ते निघू नका.

सत्तार

---

नंदुरबार
१२ जानेवारी १९३३

शौकतमियाँ,

कुठे आहात कळत नाही. तरी लिहितो.

चार तारखेला स्टेशनमास्तरांची तार आली : ‘पार्टी दोन तारखेस निघाली. तुमची तार उंटस्वारामागून पाठवली.’ दोन तारखेला का निघालात? चार म्हणाला होतात ना! पण स्वार गेला आहे. हलका उंट, एकटा माणूस, विहिरीपाशी तरी गाठेल. मी रोज हेच बोटांवर मोजतो. गाठलं असेल तर तुम्ही आठ तारखेपर्यंत छोरला परत यायला पाहिजे. मग तार का नाही?

रोज सकाळी स्टेशनवर जातो. तारबाबू आता मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो. बरं आहे, बोलला असता तर पुन्हा विचारावं लागलं असतं.

मेहरुन्निसाला मी काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं. दुकानासमोरचा हौद, त्यात चार पखाली बुडालेल्या, आणि मी दिवसभर बुडबुडे पाहत बसलेला. कुणालाही कळेल. तिने विचारलं, “भाई, कितने दिन का पानी था?” मी सांगितलं. काल मगरिबची अजान झाली. मला ऐकू येत नाही, ती हाताने खूण करते. तिने माझ्यासमोर खजूर आणि पाण्याचा कटोरा ठेवला. स्वतः पाण्याकडे बघत बसली. मी म्हटलं, रोजा सोड. तिने खजूर खाल्ला. पाणी तसंच राहिलं.

मियाँ, माझा रोजा संध्याकाळी सुटतो. तुमचा कधी सुटणार?

दोन शब्द टाका. नुसतं नाव लिहून पाठवलं तरी चालेल.

सत्तार

---

उमरकोट, सिंध
१९ जानेवारी १९३३

सत्तारभाई, सलाम.

मी जिवंत आहे. मेहरुन्निसाला हे आधी सांगा.

मोठा घात झाला. होरमसजी शेठ गेले. मी उमरकोटच्या सराईत पडलो आहे, छोरला जाता आलेलं नाही, त्यामुळे तिथली टपाल तशीच आहे. तुमचं काही पत्र आलं असेल तर मला मिळालेलं नाही.

शेठना बंदर पाहायची घाई झाली होती, म्हणून दोन दिवस लवकर निघालो. विहिरीवर पखाली गच्च भरल्या. पाचव्या दिवशी जागेवर पोचलो. काय जागा आहे, भाई! भरभक्कम पायऱ्या खाली उतरतात, आणि पुढे पाणी नाही, नुसती पांढरी फटफटीत जमीन. समुद्र उठून निघून गेला आणि शहर वाट पाहत बसलं. शेठ पायरीवर बसले, मुठीत खापरं घेऊन. म्हणाले, “शौकत, जोयुं? पाणी गयुं एटले बधुं गयुं.” पाणी गेलं म्हणजे सगळं गेलं. सगळे हसले. त्याच संध्याकाळी मी परतीच्या पाण्याचा अंदाज घेतला. बारांपैकी सात पखाली न उघडताच रिकाम्या लोंबत होत्या.

इंजिनियर साहेब म्हणाले, चोरी आहे. पखालींजवळ कोण झोपतो? उदेसिंग झोपतो. त्याच्या गावचे धनगर त्या बाजूला चारतात, त्यांना पाणी विकलं असणार. उदेसिंगने नुसता एका उंटाचा दोर धरून त्याला आडवा उभा केला आणि बगलेवर बोट ठेवलं. “मियाँ, ऊंट देखो.” बगलेवर मिठाची पांढरी रेघ होती, वरून खाली. साहेब म्हणाले, उंटाचा घाम. मी म्हटलं, उदेसिंग, ही पखाल सत्तारभाईच्या कानाखालून गेली आहे, ती गळत नाही. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून समोर आहे.

पुढचे तीन दिवस सांगत नाही. उदेसिंगला हात बांधून चालवला. त्याच्या वाटचं पाणी तो पीत नव्हता, शेठना देत होता. साहेब म्हणाले, मन खातंय. तेराव्या शतकातला की चौदाव्या, असं काहीतरी एका मण्याबद्दल विचारत शेठ विहिरीच्या दोन कोस अलीकडे उंटावरच गेले.

उदेसिंग आता इथल्या कोठडीत आहे. आरोप मोठा आहे, पाणी चोरून माणूस मारल्याचा. दहा फेब्रुवारीला मॅजिस्ट्रेटसमोर उभा करणार. मी जबानी दिली आहे, कसमेवर, की पखाली उत्तम होत्या. त्या आता सुकून तडकल्या आहेत, त्यांच्यावरून काही कळत नाही. म्हणून तुमच्या हातचं दोन ओळींचं पत्र पाहिजे, की हा माल मी स्वतः तपासला आणि तो निर्दोष होता. तापाचं, कानांचं, असलं काही लिहायची गरज नाही. उलट टपालाने पाठवा. तुमचा शब्द इथे चालतो, मी नऊ वर्षं तो चालवला आहे.

हे पत्र नाही आलं तर सफरही गेली आणि मीही गेलो.

शौकत

---

नंदुरबार
२५ जानेवारी १९३३

शौकतमियाँ,

तुम्ही जिवंत आहात हे वाचून मेहरुन्निसाने जमिनीला कपाळ टेकलं. पुढचं पान तिला वाचायला दिलं नाही.

आता माझं ऐका. माझे बाहेरचे कान गेले, पण कागदावरचं अजून ऐकू येतं. तुम्ही लिहिता, छोरची टपाल मिळाली नाही. बरं. तापाचं मी तुम्हाला नोव्हेंबरात कळवलं होतं. कानांचं कुणाला कळवलं होतं? दुनियेत तीनच कागदांवर ते लिहिलं आहे. तीन आणि बारा तारखेची पत्रं, जी तुम्हाला मिळाली नाहीत म्हणता. तिसरी तार, जी स्वार घेऊन तुमच्या मागे गेला. मग ‘कानांचं काही लिहू नका’ हे तुमच्या लेखणीत आलं कुठून?

तार तुम्हाला मिळाली होती. कुठे मिळाली? विहिरीच्या अलीकडे असेल तर तुम्ही परत फिरू शकत होतात.

मी तुम्हाला बोल लावणार नाही. पहिला खोटा मी. मी दोन महिने हसत राहिलो नसतो तर ही तार करायचीच वेळ आली नसती. पण हा रमजान आहे, मियाँ, आणि तुम्ही कसम खाऊन एका बांधलेल्या माणसावर माझ्या कानांचा गुन्हा ठेवलात. जो आपल्या वाटचं पाणी मरणाऱ्याला पाजत होता त्याच्यावर. ती पांढरी रेघ घामाची नव्हती. विहिरीचं खारं पाणी शिवणीतून उतरून वाळलं. हे उंटवाल्याला दिसलं आणि पखालवाल्याच्या मेहुण्याला दिसलं नाही.

दोन ओळी पाठवत नाही. मी स्वतः येतो. ईद झाली की निघतो. घाण्यातल्या चार पखाली सोबत आहेत, ओल्या फडक्यात गुंडाळून, म्हणजे चामडं मऊ राहील. मॅजिस्ट्रेटसमोर एक टब मागीन.

धुडकू म्हणतो, “भाऊ, तठे जाईसन सांगशी, तं आठे तुन्हाकडथून कोन पखाल ली?” त्याचं खरं आहे. कोण घेईल?

सत्तार

---

छोर स्टेशन
१ फेब्रुवारी १९३३

सत्तारभाई,

येऊ नका. हे पत्र तुम्हाला गाठावं म्हणून मेलच्या गार्डाच्या हातात देतो आहे.

होय, तार मिळाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, विहिरीवरच. पखाली भरून उंटांवर चढत होत्या. शेठनी विचारलं, “शुं छे, शौकत? घरे बधा सारा?” मी म्हटलं, होय शेठ, सगळे बरे. तार घडी करून डोक्याच्या साफ्यात खोचली. मग पखालींभोवती फिरलो. थोडी ओल होती. तुम्हीच सांगत होतात ना, नवी पखाल दोन दिवस घाम सोडते? म्हटलं, भाईंना तापाने भ्रम झाला. परत फिरलो तर पाहुणे हसतील, हंगाम जाईल, छापलेलं नाव पुसलं जाईल. भाई, तुमच्या तारेपेक्षा तुमच्या कानावर माझा जास्त भरवसा होता.

आता काय करू सांगा. तुम्ही आलात तर माझी कसम खोटी ठरते आणि उदेसिंगच्या जागी मी जातो. तुमची बहीण कुणाच्या तोंडाकडे बघेल? उदेसिंगला साल दीड साल होईल, मी त्याच्या घरी धान्य पोचवीन, उंट त्याच्या नावावर करीन. त्याने अजून एक शब्द तोंडातून काढलेला नाही. तुम्हीही काढू नका.

ती तार अजून साफ्यात आहे. रोज जाळायला काढतो आणि परत ठेवतो.

मी तुमच्या पाया पडतो. गाडीत बसू नका.

शौकत

---

नंदुरबार
२ मार्च १९३३

शौकतमियाँ, सलाम.

हे पत्र सिंध-हैदराबादच्या तुरुंगात तुम्हाला देतात की नाही ठाऊक नाही. तुमचं एक तारखेचं पत्र मला गाठू शकलं नाही. मी गाडीत होतो. परत आल्यावर वाचलं. आधी मिळालं असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत नाही.

कोर्टात त्या दिवशी तुम्ही मान खाली घालून बसला होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल ते सांगतो.

टब आणला, पखाल बुडवली, बुडबुडे आले. इंजिनियर साहेब वाकून बघत होते. मॅजिस्ट्रेट मला काहीतरी विचारत राहिले आणि मी हसत राहिलो. सवय, दुसरं काय. मग कोर्टाच्या बाबूने कागदावर लिहून समोर धरलं : ‘हे तुम्हाला केव्हा कळलं? कुणाला कळवलं?’ मियाँ, मी तो कागद हातात घेऊन उभा होतो. पखालींपुरतं बोलून थांबावं, असं मनात आलं. खोटं सांगत नाही, आलं. मेहरुन्निसा डोळ्यासमोर होती. मी तोंड उघडायच्या आत सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. मीही पाहिलं, तर तुमचा हात साफ्यात. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. बाबूने नंतर सांगितलं, काहीच बोलला नाहीत, तार टेबलावर ठेवली आणि बसलात.

तुम्हाला नेल्यावर उदेसिंगचे हात सोडले. मनगटांवर अजून वळ आहेत. मला वाटलं, थुंकेल. तो टबापाशी आला, पखालीची हवा पुन्हा भरली, गुडघा दिला आणि शिवणीवरून कान फिरवत गेला, अगदी आपल्या पद्धतीने. कुणी शिकवलं त्याला? एका जागी थांबला. माझं बोट धरलं आणि तिथे ठेवलं. बोटाला बारीक वारा लागला. मियाँ, तीन महिन्यांनी मला एक पखाल ऐकू आली.

मग त्याने लोट्यातून पाणी दिलं. मी प्यायलो. त्याच्या बायकोने कोर्टाच्या दारातून पाहिलं, सलाम केला नाही. बरोबर केलं. परतताना सुरतेला उतरून शेठच्या घरीही गेलो होतो. त्यांच्या मुलीने मुठीतली खापरं एका तबकात ठेवली आहेत. मी कोण ते सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

दुकान उघडं आहे. दारातला हौद भरून ठेवतो, आता पखाल पाण्यात बुडवून देतो, बुरशी धरली तर गिऱ्हाइकाच्या नशिबाने. गिऱ्हाईक म्हणजे धुडकू. म्हणतो, “आते तरी डोळासघाई दखस ना तू? मंग व्हई गयं.”

घरात जेवण वेळेवर मिळतं. कपडे धुतलेले असतात. पण मेहरुन्निसा आता माझ्याशी पाठ करून बोलते. बोलते, हे मला तिच्या खांद्यांवरून कळतं. काय बोलते ते कळत नाही. तिला ठाऊक आहे, तोंड दिसलं नाही तर मला काही ऐकू येत नाही. वळ, असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. तिला जे म्हणायचं आहे ते मला दिसू नये, एवढी दया ती करते आहे की ही शिक्षा आहे, हे पाठीवरून ओळखता येत नाही.

तुरुंगातून महिन्याला एक पत्र टाकू देतात असं ऐकतो. ते माझ्या नावाने टाकू नका. तिच्या नावाने टाका, आणि आत कुठेतरी एक ओळ लिहा, हे भाईंना वाचून दाखव. तुमचं सांगणं ती मोडणार नाही. वाचायला तरी तिला माझ्यासमोर येऊन बसावं लागेल.

तुमचा
सत्तार